पन्नासात एक

पहाटे ५:३०

तालुक्याच्या गावातली भाड्याची खोली. खाली किराणा दुकान, वर दोन खाटा. मॅडम फरशीवर बसून दोरी मोजतायत. नायलॉनची पांढरी दोरी, सहा मीटरची. एक मीटरवर लाल दोऱ्याची गाठ, तीनवर निळी, सहावर काळी. शेजारी पोलादी टेप. नायलॉन ओढून ओढून सैल पडतं, म्हणून रोज सकाळी टेपला लावून बघायचं. आज दीड सेंटिमीटर जास्त भरली. काळी गाठ सोडली, किंचित अलीकडे बांधली.

मग पिशवी. ‘ई’ अक्षराची कार्डं, लहान आणि मोठी. बारीक भोकांची काळी पट्टी. बॅटरी, जादा सेल. डोळ्याच्या आत बघायचा ऑफ्थाल्मोस्कोप, रात्रभर चार्ज केलेला. बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली, साठ रुपयांची. फोन, पॉवर बँक, खडू, चिठ्ठ्यांचं पुस्तक. एवढ्या सामानावर आज पन्नास माणसांचे शंभर डोळे मोजायचे.

मॅडम नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी नेमणूक. ऑर्डर अकरा महिन्यांची. हातात बावीस हजार. ऑपरेशन त्या करत नाहीत. चष्म्याचा नंबर काढणं, मोतीबिंदू हेरणं, शाळांमधली पोरं तपासणं, डोळ्यात गेलेलं कुसळ काढणं, आणि या सगळ्याची रजिस्टरं भरणं हे त्यांचं काम. पन्नास हजार वस्तीमागं एक दृष्टी केंद्र असावं, असं धोरणाचं जुनं गणित आहे. यांच्या तालुक्यात अडीच लाख माणसं आणि त्या एकट्या.

महिनाभर त्या अंधत्वाच्या सर्वेक्षणावर आहेत. म्हणजे महिनाभर रुग्णालयातली डोळ्यांची खोली बंद. दारावर चिठ्ठी लावलीय. काल संध्याकाळी शिपायाचा फोन होता: सात जण आले, चिठ्ठी वाचायलाही कुणाला येईना, मीच सांगून परत पाठवले.

सकाळी ६:२०

जीप खाली उभी. अडीच हजार रोज, डिझेल त्यातच. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. मागच्या सीटवर नोंदी करणारा मुलगा, बीएस्सी झालेला, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याला रोजचे सहाशे. स्टँडसमोर तीन चहा, तीस रुपये. मॅडमनी दिले. सर्वेक्षणाचा भत्ता त्यांना चारशे मिळतो, पण तो नंतर, बिलं लावल्यावर.

रस्ता बालाघाटाच्या डोंगरात चढतो. जानेवारीची थंडी. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, तुरीच्या पेंढ्या बांधलेल्या. गावं लागतात आणि मागं पडतात. घरं दिसतात, माणसं कमी दिसतात. दसरा-दिवाळी झाली की इथले कोयते कारखान्याला जातात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुलपं.

सर्वेक्षणाचं गाव कुणी निवडत नाही. जनगणनेच्या यादीतून लोकसंख्येच्या प्रमाणात ते निघतं. जिल्ह्यात अशी साठ ठिकाणं, प्रत्येकात पन्नास वर्षांवरची पन्नास माणसं. तीन हजार. पन्नाशीच्या पुढचेच का, तर देशातल्या आंधळेपणाचा मोठा भाग याच वयात आहे. सगळ्या वयाची माणसं तपासायची तर कित्येक पट घरं लागतील.

याच साच्यात देशाचं मागचं सर्वेक्षण झालं, २०१५ ते २०१९. ३१ जिल्हे. ९३,०१८ माणसं यादीत आली, ८५,१३५ तपासली गेली. पन्नाशीपुढच्यांत अंधत्व निघालं १.९९ टक्के. मोठा आकडा नाही वाटत. पण जीपमध्ये बसून त्याचा हिशेब केला तर शंभरात दोन, पन्नासात एक. आज ज्या गावात चाललोय तिथं, सरासरीच्या हिशेबानं, एकच माणूस.

सकाळी ७:१५

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आशाताई उभ्या. आजच्या दिवसाचे त्यांना तीनशे. सरपंचांनी खुर्च्या टाकून ठेवल्यात, चहा सांगितलाय, आणि मंदिराच्या सभामंडपात माणसं गोळा करायची तयारीही केलीय. "पन्नास पायजेत ना? पाऊण तासात बसवतो."

नको, मॅडम म्हणतात. दारोदार जायचं.

सरपंचांना ते पटत नाही. खरं तर कुणालाच पटत नाही. सभामंडपात जो चालत येतो त्याला चालण्यापुरतं दिसतं. ज्याला दिसत नाही तो घरीच राहतो. शिबिराला हे चालतं, मोजणीला नाही.

आशाताई वहीच्या पानावर गावाचा नकाशा काढतात. मारुती, शाळा, पाण्याची टाकी, ओढा. पन्नास म्हातारी माणसं मिळायला तीनशेच्या आसपास वस्ती लागते. गाव दीड हजाराचं. म्हणून पाच तुकडे. पाच चिठ्ठ्या. सरपंचांच्या नातवाला एक उचलायला लावली. निघाली ओढ्यापलीकडची माळावरची वस्ती.

"तिथं कोण हाय आता? निम्मी घरं बंद. त्यापरीस आमची आळी घ्या. माझी आईच हाय, ब्याऐंशीची."

आजींना संध्याकाळी नक्की बघू, पण फोनमध्ये, म्हणजे सर्वेक्षणाच्या नोंदीत, घेता येणार नाही, असं मॅडम सांगतात. सरपंच चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवतात.

सकाळी ८:००

पहिलं घर. मुलगा दाराच्या चौकटीवर खडूनं क्रमांक लिहितो. घरात पन्नाशीपुढचं कोण, वय काय, वर्षातले सहा महिने तरी इथं राहतात का. वय हा पहिला घोळ. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात व्हते, थोरला पाठीशी व्हता." १९७२ साली कडेवर पोर, म्हणजे आज सत्तरीच्या पुढं नक्की. आधार कार्ड काढलं तर त्यावर जन्मतारीख एक जानेवारी. या वस्तीत बहुतेक सगळे एक जानेवारीचे.

अंगणात दोरी पसरायची. एक टोक आजीच्या पायाशी, तिथं आशाताई उभ्या. दुसऱ्या टोकाला मॅडम. उजेड कार्डावर हवा, आजीच्या डोळ्यावर नको. एक डोळा तळव्यानं झाकायचा. बोटांनी नाही, फटीतून दिसतं.

"आजी, हे दंताळं समजा. दाते कुणीकडं हायत तेवढं हातानं दाखवा."

तीन दात्यांचं दंताळं म्हटलं की ‘ई’ सगळ्यांना कळतो. शाळा लागत नाही. आजी हात वर करतात. कार्ड पाठीमागं जातं, फिरतं, पुढं येतं. हात डावीकडं. पुन्हा पाठीमागं. पाच वेळा दाखवायचं, चार वेळा बरोबर यायला हवं. तीन आले तर नाही. मॅडम चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत, चुकलं तरी "बरं" आणि बरोबर आलं तरी "बरं". प्रशिक्षणात हे घोटून घेतलेलं. तेव्हा सगळ्या पथकांनी तीच माणसं वेगवेगळी तपासली आणि निकाल ताडून बघितले. ज्यांचे जुळले नाहीत त्यांना गावात सोडलं नाही.

सहा मीटरवरून लहान ‘ई’ दिसला तर काम संपलं. नाही दिसला तर काळी पट्टी डोळ्यापुढं धरायची, भोकातून बघायला लावायचं. त्यातून दिसलं, तर दोष चष्म्याचा. तरीही नाही दिसलं, तर मोठं कार्ड. मग तीन मीटर, मग एक मीटर, मग बॅटरी.

एका माणसाला सात-आठ मिनिटं. नजर चांगली असेल तर चार.

सकाळी ९:४०

अकरा झाले. चौथ्या घरात एक आजोबा, चष्मा नाही. "व्हता की. आत हाय." कुठं? कोनाड्यात, देवाशेजारी. एक काडी तुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. आजोबा म्हणतात, असंच बघा, तो कशाला. मॅडम थांबतात. पोरगी चष्मा शोधून आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. नियम असा, की माणूस जसा वावरतो तसा मोजायचा. चष्मा वापरत असेल तर चष्म्यासह. आजोबा वापरतात का? "गावाला जायचं असलं की."

चष्म्यासह सहा अठरा, म्हणजे चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते यांना सहावरून. चष्म्याविना सहा साठ. फोनमधला एक रकाना बदलला.

दोन बायका तांदूळ निवडता निवडता विचारतात, चष्मे देणार का? नाही. गोळ्या? नाही. मग काय देणार? चिठ्ठी. ज्याला गरज आहे त्याला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी.

"म्हंजे लिहून न्यायचं नुसतं. मागल्या साली एक आले, चुली मोजून गेले. त्याच्या आधी संडास मोजले. आता डोळं."

मॅडम हसतात, पण उत्तर देत नाहीत. याला द्यायला उत्तर आहे कुठं?

एकानं दारातूनच हात जोडले. शेतात मजूर लावलेत, येळ नाही. वय अठ्ठावन्न, नजर चांगली असावी, बैल सोडून झपझप निघून गेला. फोनमध्ये ‘नकार’. आशाताई म्हणाल्या, त्याच्या जागी पुढच्या घरातला घ्या की. नाही घेता येत. तो पन्नासातला एक होता आणि राहणार. बदली माणूस नाही.

सकाळी ११:१०

सव्वीसावं माणूस. आजी, अडुसष्टच्या. अंगणात तीन नातवंडं, धाकटं दोन वर्षांचं, आजीच्या पदराला धरून. लेक आणि सून सांगलीकडं कारखान्यावर. मुकादमाकडून लाखाच्या घरात उचल घेतलेली. ती फिटेस्तोवर येणं नाही.

उजवा डोळा: मोठं कार्ड सहा मीटरवरून नाही. तीन मीटरवरून हो, पाचपैकी चार. डावा: तोही तसाच, जरा कमी. थेंब टाकून वीस मिनिटं घराच्या आतल्या सावलीत बसवलं. मग मॅडम गुडघ्यावर बसून ऑफ्थाल्मोस्कोप लावतात. त्यांचं नाक आजीच्या गालाला टेकतं. आतला लाल उजेड दिसायला हवा तिथं राखाडी. दोन्हीकडं मोतीबिंदू.

तीन मीटरवरून मोठं अक्षर ओळखलं, म्हणून या आजी ‘अंध’ नाहीत. ‘तीव्र दृष्टिदोष’. २०१७ पूर्वी आपल्याकडं अंधत्वाची रेघ सहा साठवर होती. ती बदलून जगात चालते तशी तीन साठ केली. जुन्या रेघेनं या आजी आंधळ्यांच्या यादीत गेल्या असत्या. रेघ सरकली, देशाचा आकडा उतरला, आजींच्या चुलीवरची भाकरी मात्र आजही अदमासानंच भाजली जाते. रेघ जगाशी जुळवली हे बरोबरच झालं, तुलना करायची तर माप एक हवं. पण मागच्या आणि आताच्या आकड्यांची सरळ वजाबाकी करून टाळ्या पिटणाऱ्यांनी एकदा हे अंगण बघावं.

फोन विचारतो: ऑपरेशन का केलं नाही? पर्याय ठरलेले. गरज वाटली नाही. भीती. खर्च. उपचार आहे हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं. उपचारापर्यंत पोचता येत नाही.

"आजी, ऑपरेशन का नाही केलं?"

"करायचं हाय की. फुकट करत्यात, मला ठावं हाय."

"भ्या वाटतं?"

"कशाचं भ्या? ह्या बाळंतपणापरीस काय जास्त असंल का ते?"

"मग?"

आजी पदराला धरलेल्या पोराकडं बघतात. "दोन दिस तिथं राहावं लागतंय. वर पंधरा दिस चुलीपशी जाऊ नको, वाकू नको म्हणत्यात. ह्यांला कुठं टाकू?"

मॅडमचं बोट पडद्यावर थांबतं. गरज आहे. भीती नाही. पैसे लागत नाहीत. माहिती आहे. शेवटचा पर्याय दाबला: पोचता येत नाही. रुग्णालय पंचेचाळीस किलोमीटरवर, एसटी दारातून जाते, अर्ध्या तिकिटात. तरी पोचता येत नाही हे खरंच.

मुलगा मागून म्हणाला, "मॅडम, शेऱ्याचा रकाना आहे खाली." मॅडमनी लिहिलं: नातवंडं, तीन, पालक ऊसतोडीला. शेरे संगणक मोजत नाही. तरी लिहिलं.

पाडव्यानंतर या, सून आलेली असेल, अशी चिठ्ठी दिली. आशाताईंनी आपल्या वहीत वेगळं टिपून घेतलं. त्यांच्या वहीवर माझा जास्त भरवसा बसला.

दुपारी १:००

आशाताईंच्या घरी पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा. पैसे घेत नाहीत. मॅडम पोराच्या हातात पन्नास ठेवतात.

एकतीस झाले. मुलगा यादी वाचतो. दोन घरांना कुलूप, चार माणसं. आणि एक म्हातारं जोडपं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीला, तीन किलोमीटर.

कुलपांचा प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. पन्नाशी ओलांडलेली दोन जोडपी अजून कोयत्यावर जातात. ती मोजायची का? नियम सहा महिन्यांचा. शेजारीण बोटं मोजते: "दिवाळी झाल्यावर गेले. पाडव्याला यायचे." नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने. सात महिने इथं. म्हणजे इथलेच. तपासता येत नाहीत, पण यादीतून काढताही येत नाहीत. ‘अनुपलब्ध’ म्हणून राहतील. शेजारणीला विचारायचं, त्यांना दिसत होतं का? "दिसल्याबिगर ऊस तोडतील व्हय?" नोंद: अंध नसावेत.

देशाच्या त्या सर्वेक्षणातही असे ७,८८३ राहिले. यादीत होते, तपासले गेले नाहीत.

दुपारी २:२०

उन्हात कार्ड चकाकतं, म्हणून लिंबाखाली. एका आजोबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. कधी? नऊ वर्षं झाली. कुठं? शिबिरात, गाडीनं नेलं, गाडीनं आणलं, जेवणसुद्धा दिलं. दिसतं का? "पैल्यांदा लई झ्याक दिसायचं. आता पुन्ना धुकं."

मोठं कार्ड, सहा मीटर, नाही. तीन मीटर, हो. मॅडम बॅटरी तिरकी धरतात. भिंग जागेवर, चकाकतंय. त्याच्यामागं पातळ झिल्ली, दुधावरच्या सायीइतकी. ऑपरेशननंतर काही वर्षांनी ही धरते. लेझरनं काही मिनिटांत साफ होते, टाका नाही, पट्टी नाही. जिल्हा रुग्णालयात मशीन आहे. आजोबांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना वाटत होतं, ऑपरेशन वाया गेलं. आळीतल्या आणखी दोघांना त्यांनी तसं सांगूनही टाकलंय.

या सर्वेक्षणाचं मोल कुठं आहे ते मला या लिंबाखाली दिसलं. कार्यालयाच्या कागदावर हे आजोबा म्हणजे एक यशस्वी ऑपरेशन. उद्दिष्टात धरलेलं, निधीचा हिशेब लागलेला. अंधत्व नियंत्रणाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासूनचा. ऑपरेशनं मोजण्यात तो पक्का आहे. पण ऑपरेशन झालेला डोळा आज किती बघतो, हे रुग्णालयात बसून मोजता येत नाही, कारण पुन्हा न दिसणारा माणूस रुग्णालयात परत येतच नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेत देशांनी मान्य केलं, की मोतीबिंदूच्या ‘परिणामकारक’ शस्त्रक्रियांची व्याप्ती २०३० पर्यंत ३० टक्के-बिंदूंनी वाढवायची. त्यातल्या ‘परिणामकारक’ या शब्दाचा पुरावा शेवटी असा अंगणात दोरी टाकूनच मिळतो.

फोनमध्ये आजोबांच्या उजव्या डोळ्याचा परिणाम: वाईट. कारण: झिल्ली. चिठ्ठीवर मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहिलं, लेझर. मग तोंडानं दोनदा सांगितलं, ऑपरेशन नाही, लेझर. बाकीच्या दोघांनाही सांगा.

दुपारी ३:४५

एकोणचाळीसावं घर, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. सून दारात भांडी घासतेय. घरात कोण? "सासूबाई." सासूबाई झाल्या, सहा बारा, चाळीशी लागेल एवढंच. आणखी कोण?

"कुणी नाही."

मुलगा खडू काढतो. आशाताई मात्र हलत नाहीत. "आबा कुठंयत गं?"

"ते आत हायत. पण त्यांचं काय बघता? त्यांला दिसतच नाही."

यात दडवणं काही नव्हतं. डोळे तपासायला आलेल्यांना न दिसणारा माणूस कशाला दाखवायचा, असं तिला सरळ वाटलं. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणं हे दर दोन-तीन गावांत होतं, आणि प्रशिक्षणात यावर अर्धा दिवस खर्च केला होता: घरात आणखी कोण, हे तीनदा विचारा. झोपलेलं, आजारी, न चालणारं, वेडसर, न दिसणारं, कुणीही.

आतल्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागं खाट. आबा अठ्ठ्याहत्तरचे. उशाशी तांब्या, खाटेपासून दारापर्यंत भिंतीला सुतळी बांधलेली, ती धरून बाहेर जातात. मॅडमनी हात धरून अंगणात आणलं. डावा डोळा आत गेलेला, आक्रसलेला. "तुरीचं धसकट गेलं व्हतं. लई वरसं झाली." तो डोळा गेला तो गेला. उजव्यात बाहुली पांढरीशुभ्र. मोतीबिंदू पिकून जुना झालेला.

मोठं कार्ड. तीन मीटर, नाही. एक मीटर, नाही. मग अंगणातून पुन्हा आत, अंधारात. डावा डोळा तळव्यानं घट्ट झाकला. बॅटरी लावली.

"आबा, उजेड कुठनं येतोय?"

"वरनं."

"आता?"

"खालनं. कानाकडनं. ...आता इझला."

चारही दिशा बरोबर. विझलेलीसुद्धा बरोबर. मागचा पडदा जिवंत असण्याची आशा आहे. म्हणजे ऑपरेशन करून बघण्यासारखं आहे.

फोनमध्ये कारण निवडायचं असतं, माणसामागं एकच. एका डोळ्याला जुनी इजा, दुसऱ्याला मोतीबिंदू. नियम असा: ज्यावर इलाज सोपा, ते कारण. मॅडमनी मोतीबिंदू दाबलं. देशाच्या मागच्या सर्वेक्षणात अंधत्वामागं मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला होता. तो आकडा अशा खाटांवरून जमा झालेला.

किती वर्षं दिसत नाही? चार. का नाही नेलं? सून म्हणाली, एकदा नेलं होतं, डॉक्टर म्हणाले एकच डोळा आहे, जोखीम आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. मोठा दवाखाना म्हणजे संभाजीनगर. गाडी करायची तर पाच हजार. ते राहिलंच.

मॅडमनी जिल्हा रुग्णालयाच्या शल्यचिकित्सकांना तिथूनच फोन लावला. लागला नाही. मेसेज टाकला, फोटोसकट. हे सर्वेक्षणाच्या कामात मोडत नाही. वीस मिनिटं गेली. मुलगा घड्याळ बघत होता, पण बोलला नाही.

संध्याकाळी ५:२०

रानातून माणसं परतायला लागली तशी सकाळची राहिलेली दारं उघडली. धावपळीत सहा जण झाले. एका बाईच्या डोळ्यात वडस, बुबुळाच्या कडेपर्यंत. एका गृहस्थाला साखर आहे, गोळ्या घेतो कधी कधी. पडद्याची तपासणी कधीच नाही. त्याला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, म्हणून तो हसतो. मॅडम त्याला सगळ्यांत जास्त वेळ समजावतात. साखरेनं पडदा बिघडायला लागला तरी बरेच दिवस कळत नाही, आणि कळतं तेव्हा बराच गेलेला असतो. "बघू," तो म्हणाला. या ‘बघू’चा अर्थ तिथं उभ्या सगळ्यांना माहीत होता.

दरम्यान सरपंचांच्या आईंना त्यांच्या ओट्यावर बघून झालं. शब्द दिला होता. नजर झकास. सरपंच खूष. मुलानं फोन खिशातच ठेवला.

संध्याकाळी ६:१०

उजेड गेला. सहा मीटरवरचं कार्ड आता मॅडमना स्वतःलाच नीट दिसेना. दोरी गुंडाळली.

जीपच्या बॉनेटवर यादी. तपासलेले ४३. नकार १. कुलूपवाले ४. राहिले दोन, आखाड्यावरचे. सकाळी निरोप धाडला होता, ते काही आले नाहीत.

साहेबांचा फोन. उद्या दुसरं गाव, पन्नास किलोमीटर उलट दिशेला. दोघांसाठी परत कशाला जाता, अनुपलब्ध टाका.

मॅडम बोटांवर मोजतात. "सर, त्रेचाळीस म्हणजे शहाऐंशी टक्के. पंचेचाळीस झाले तर नव्वद."

तिकडून काहीतरी बोलणं. मग मॅडम: "तसं नाही सर. आशाताई म्हणतात, आखाड्यावरची म्हातारी चाचपडत चालते."

थोडा वेळ नुसतं ऐकणं. "हो. हो सर. आठच्या आत उरकून पुढच्या गावाला पोचतो."

रात्री ८:३०

खोलीवर. फोनला रेंज इथंच येते. पडद्यावर गोल फिरतंय, ४७ नोंदी गेल्या, एक अडकली. मुलगा फोन खिडकीबाहेर धरून उभा. खानावळीचे दोन डबे आले, सत्तर रुपयाला एक. मॅडमनी घरी फोन केला. पोरीची परीक्षा आहे, प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला लावली. मग बिलांची पावती-पावती जुळवली. आजच्या थेंबांची पावती नाही, दुकानदारानं दिली नव्हती. साठ रुपये गेले.

शेवटची नोंद गेली. आबांची होती.

जिन्यावर मामा उभे. उद्याचं काय?

"साडेपाचला निघू. आधी आखाडा, मग पुढं."

"मॅडम, ती तीन किलोमीटर बैलगाडीची वाट हाय. जाऊन-येऊन टायरची वाट लागंल. आन् काल ठरलं त्यात हे नव्हतं. दोनशे वेगळं लागतील."

"बिलात बसत नाहीत मामा."

"मग?"

मॅडमनी पर्स उघडली. शंभरची एक नोट दिली. "आम्ही वाटेच्या अलीकडं उतरून चालत जाऊ. तुम्ही गाडी रस्त्यावरच ठेवा."

मामांनी नोट घडी करून खिशात घातली. "चालत गेलात तर आठ वाजता कुठनं पोचता पुढच्या गावाला?" थोडं थांबून म्हणाले, "पाचलाच निघू."